लिनक्सवर गाणे न वाजण्याचे खरे कारण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लिनक्सविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात कौतुकाच्या चार वाक्यांनंतर एक ‘पण’ हमखास येतो. ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम फुकट मिळते, विश्वासार्ह आहे, जुन्या संगणकावरही चालते, पण तिच्यावर गाणी आणि व्हिडिओ धड चालत नाहीत, असा तो शेरा असतो. तो वाचून अनेक जण लिनक्सच्या वाटेला जातच नाहीत. ज्यांना स्वतःहून जमत नाही त्यांच्या संगणकांवर लिनक्स बसवून देण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून हौसेने करत आलो आहे आणि हा शेरा मला मनापासून खटकतो. गाणे वाजत नाही हे पुष्कळदा खरे असते. पण ते का वाजत नाही, हे सांगितले जात नसल्यामुळे दोष भलत्याच्याच माथी बसतो. त्या कारणाविषयी थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

नव्याने बसवलेल्या लिनक्सवर एखादी व्हिडिओ फाइल उघडली की प्लेयर सुरू होतो, सेकंद पुढे सरकू लागतात, आवाजही ऐकू येतो. पण चित्राच्या जागी काळा पडदाच राहतो. काही वेळा आवश्यक कोडेक, म्हणजे चित्र किंवा आवाज साठवण्याचा आणि पुन्हा उलगडण्याचा प्रोग्राम, उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी वापरणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, की एक एमपी४ फाइल चालली, मग दुसरी का चालत नाही? याचे उत्तर असे, की फाइलच्या नावाअखेरची एमपी४ किंवा एमकेव्ही ही अक्षरे डब्यावरच्या चिठ्ठीसारखी असतात. आत काय भरले आहे ते त्यांवरून कळत नाही. एमपी४ फाइलमधले चित्र एच.२६४ या पद्धतीने साठवलेले असू शकते, एच.२६५ पद्धतीने असू शकते किंवा एव्ही१ पद्धतीनेही. आवाज बहुधा एएसी पद्धतीचा असतो, पण तो ओपसही असू शकतो. चित्र आणि आवाज उलगडण्यासाठी स्वतंत्र कोडेक लागतात. आवाजाचे कोडेक आहे आणि चित्राचे नाही, एवढाच त्या काळ्या पडद्याचा अर्थ असतो. व्हीएलसी या प्लेयरमध्ये कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबली, की चालू फाइलमध्ये कोणते कोडेक वापरले आहे ते एका छोट्या खिडकीत दिसते. ते एकदा पाहिले की पुढचा शोध नेमका होतो आणि ‘लिनक्सवर व्हिडिओ चालत नाही’ या मोघम वाक्याऐवजी ‘माझ्याकडे एच.२६५चे कोडेक नाही’ असे नेमके वाक्य हाती येते.

आता हे कोडेक मुळातच का नसते, हा खरा प्रश्न. ते लिहिणे मुक्तस्रोतवाल्यांना जमले नाही, असे मुळीच नाही. एमपी३चा इतिहास पाहिला तर हे स्पष्ट होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमपेग-१ या मानकाचा तो एक भाग. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता आणि त्याच्या पेटंटांचे परवाने पुढे फ्राउनहोफर व टेक्निकलर यांच्या वतीने दिले जात. मानक वाचून प्रोग्राम लिहिणे शक्य होते आणि तसे उत्तम प्रोग्राम लिहिलेही गेले. परंतु ज्या देशांत ती पेटंटे लागू होती तेथे असा प्रोग्राम लोकांना द्यायचा तर परवाना घ्यावा लागे आणि त्याची रक्कम प्रतींच्या संख्येवर ठरे. ज्या सॉफ्टवेअरची प्रत कोणीही, कितीही वेळा, कोणालाही न विचारता काढू शकतो, त्याच्या प्रती मोजायच्या कोणी आणि त्यांचे पैसे भरायचे कोणी? या प्रश्नाला उत्तर नव्हते. म्हणून रेड हॅट कंपनीने २००२ मध्ये आपल्या लिनक्सच्या ८.० या आवृत्तीतून एमपी३ची सोय काढून टाकली. तिच्याच पाठबळावर उभ्या राहिलेल्या फेडोरा या डिस्ट्रोत (लिनक्सच्या तयार संचाला डिस्ट्रो म्हणतात) ती सोय थेट २०१६ च्या अखेरीस आली, तीही आधी फक्त ऐकण्यापुरती. २३ एप्रिल २०१७ रोजी एमपी३ची परवाना योजना संपुष्टात आली आणि त्यानंतर एमपी३ फाइल तयार करण्याची सोयही खुली झाली. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. ही योजना संपल्याची बातमी जगभरच्या अनेक माध्यमांनी ‘एमपी३चा अंत’ अशा थाटात दिली. प्रत्यक्षात पेटंटांची मुदत सरल्यामुळे एमपी३ त्या दिवसापासून सर्वांसाठी मोकळी झाली होती. मुक्तीची बातमी मृत्यूची म्हणून छापली गेली आणि वाचकांनी ती तशीच वाचली.

याहून बोलका दाखला जीस्ट्रीमर या प्रणालीत सापडतो. लिनक्सवरचे अनेक प्लेयर पडद्यामागे याच प्रणालीचे प्लगइन, म्हणजे छोटे जोडप्रोग्राम, वापरतात आणि ते प्लगइन गटागटाने दिले जातात. दर्जा चांगला आणि वाटण्यात कायद्याची अडचण नाही, ते ‘गुड’ गटात. ज्यांचा दर्जा किंवा चाचणी अजून पुरेशी नाही, ते ‘बॅड’ गटात. आणि ज्यांचा दर्जा उत्तम आहे, पण वाटताना पेटंटाची किंवा परवान्याची अडचण येऊ शकते, ते ‘अग्ली’ गटात. एमपी३ चालवणारे प्लगइन अनेक वर्षे या शेवटच्या गटात होते. २०१८ मध्ये १.१४ ही आवृत्ती आली तेव्हा त्यांना उचलून ‘गुड’ गटात ठेवण्यात आले. त्या स्थलांतराचे कारण प्रोग्रामच्या गुणवत्तेत कोठेच नव्हते. पेटंटांची मुदत संपली होती, एवढेच झाले होते. लिनक्सवर एखादी फाइल चालते की नाही हे किती वेळा तंत्रज्ञांच्या हातात असते आणि किती वेळा वकिलांच्या, हे या एका नोंदीवरून समजते.

एमपी३चा प्रश्न मिटला, पण तोच प्रश्न एच.२६४ आणि एच.२६५ यांच्या रूपाने आजही उभा आहे. आज मोबाइल आणि कॅमेऱ्यावर जे चित्रण होते, ते प्रामुख्याने या दोन पद्धतींनीच. एच.२६४चे मानक २००३चे, एच.२६५चे २०१३चे, आणि दोन्हींवर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत. एच.२६५च्या बाबतीत तर परवाने देणारे समूहच एकाहून अधिक झाले. २०१३ मध्ये सिस्को कंपनीने ओपनएच२६४ नावाचे एच.२६४चे कोडेक खुले केले, त्याचा सोर्स कोड सर्वांना दिला आणि परवान्याचे शुल्क स्वतः भरण्याची तयारी दाखवली. हे औदार्य मोलाचेच आहे, परंतु त्यातली अट पाहण्यासारखी आहे : सिस्कोने स्वतः तयार केलेली आणि तिच्याच सर्व्हरवरून उतरवलेली प्रतच परवान्याच्या छत्राखाली येते. तोच सोर्स कोड घेऊन दुसऱ्या कोणी प्रत तयार केली तर ती त्या छत्राबाहेर राहते. त्यामुळे फेडोरा वापरणाऱ्याच्या संगणकावर हे एक पॅकेज वेगळ्या वाटेने, सिस्कोच्या दारातून येते.

एवढ्यावर भागले नाही. २०२२ मध्ये फेडोराने एच.२६४ आणि एच.२६५ यांच्यासाठी ग्राफिक्स चिपची मदत घेण्याची सोयही मेसा या मुक्त ड्रायव्हरमधून (चिपकडून काम करून घेणाऱ्या प्रोग्राममधून) कायदेशीर कारणास्तव बंद केली. एएमडीची ग्राफिक्स चिप असलेल्यांना याचा फटका बसला. चिपमध्ये ते काम करणारी यंत्रणा जागेवरच असते, पण ड्रायव्हर तिला हाक मारत नाही. मग सगळे काम मुख्य प्रोसेसरवर पडते, पंखा जोरात फिरू लागतो, लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरते आणि वापरणारा म्हणतो, लिनक्सवर व्हिडिओ जड चालतो. त्याचे निरीक्षण बरोबर असते. निष्कर्ष तेवढा चुकतो.

यावरचे उपाय फार अवघड नाहीत आणि ते माहीत नसल्यामुळेच बहुतेकांचा पहिला दिवस वाया जातो. उबुंटू ही डिस्ट्रो बसवताना अतिरिक्त मीडिया फॉरमॅटसाठीचे सॉफ्टवेअर घ्यायचे का, असा एक चौकोन समोर येतो. तो आपोआप टिक केलेला नसतो, आणि घाईत ‘पुढे’ हे बटण दाबत जाणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. तो निसटला असेल तर नंतर ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ नावाचे पॅकेज बसवावे. या पॅकेजाबरोबर मायक्रोसॉफ्टचे काही फॉन्टही येतात, आणि ते बसण्याआधी टर्मिनलमध्ये त्यांचा लांबलचक परवाना दाखवला जातो. त्या पडद्यावर माउसने क्लिक करून काहीच होत नाही आणि नुसते एंटर दाबूनही अनेकदा काही घडत नाही. आधी टॅब दाबून खालच्या ‘ओके’वर जावे लागते, मग एंटर दाबावे लागते आणि पुढच्या पडद्यावर होकार द्यावा लागतो. संगणक अडकला असे समजून लोक येथे खिडकी बंद करतात आणि इन्स्टॉलेशन अर्धवट राहते. असे अर्धवट राहिलेले संगणक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मालकांना हे एक टॅबचे बटण कोणी सांगितले नव्हते म्हणून ते लिनक्सवर कायमचे रुसले होते. फेडोरासाठी आरपीएम फ्यूजन आणि ओपनसुसेसाठी पॅकमन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या वेगळ्या रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरची भांडारे, आहेत. एफएफएमपेग हे चित्र आणि आवाज उलगडणारे सॉफ्टवेअर आहे; फेडोरात आधीपासून असलेली त्याची कोडेक वगळलेली ‘एफएफएमपेग-फ्री’ ही आवृत्ती काढून आरपीएम फ्यूजनमधले पूर्ण एफएफएमपेग घेतले आणि मेसाचे पर्यायी ड्रायव्हर पॅकेजही तेथूनच घेतले, की काळा पडदा आणि जड चालणारा व्हिडिओ या वर सांगितलेल्या दोन्ही तक्रारी दूर होतात. लिनक्स मिंटमध्ये बसवतानाच कोडेकविषयी स्पष्ट विचारणा होते, म्हणून अगदी नवख्याला मी तेच सुचवतो. दुसऱ्याच्या संगणकावर लिनक्स बसवून देणाऱ्या माझ्यासारख्या सर्वांनी एक गाणे, एक मोबाइलवरचा व्हिडिओ आणि एक वेबसाइटवरचा व्हिडिओ चालवून दाखवल्याशिवाय तो संगणक परत देऊ नये.

ज्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला आपण अपुरे समजतो, त्याची खरी योग्यता किती आहे हेही लक्षात घ्यावे. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा प्रकल्प आज व्हीएलसी आणि एमपीव्ही या प्लेयरच्याच नव्हे, तर क्रोम ब्राउझरच्याही पोटात आहे. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरवरही, उतरण्याच्या वेळी कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये संकुचित करण्यासाठी नासाने एफएफएमपेग वापरले. व्हीएलसीचा उगम पॅरिसच्या एकोल सँत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे आणि २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली खुला झाला. आज विकतची ऑपरेटिंग सिस्टीम वापरणारे लोकही न चालणारी फाइल समोर आली की व्हीएलसीच शोधतात. त्या विकतच्या सिस्टीममध्ये तरी सगळे आधीपासून असते का? विंडोज ८ आल्यावर डीव्हीडी चालवण्याची अंगभूत सोय मायक्रोसॉफ्टने काढून घेतली. विंडोज १०वर एच.२६५चे एक्स्टेन्शन कंपनीच्या स्टोअरमध्ये वेगळे पैसे घेऊन विकले जाते. अडचण दोन्हीकडे एकच आहे. एकीकडे ती परवान्याच्या पैशात रूपांतरित होऊन बिलात मिसळते आणि दुसरीकडे उघडी पडते, म्हणून ती लिनक्सचीच वाटते.

डीव्हीडीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो, कारण तो पेटंटाहून वेगळा आहे. व्यापारी डीव्हीडींवरचा मजकूर सीएसएस नावाच्या पद्धतीने कुलूपबंद केलेला असतो. १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारा डीसीएसएस नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर आला तेव्हा त्याच्याशी जोडला गेलेला नॉर्वेचा जॉन लेक योहान्सन किशोरवयीन होता. त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला, आणि २००३ मध्ये खालच्या न्यायालयाने व त्याच वर्षअखेरीस अपिलाच्या न्यायालयानेही त्याला निर्दोष ठरवले. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या संगणकावर पाहणे हा गुन्हा कसा होईल, हा त्या खटल्यातला साधा प्रश्न होता. तरीही बहुतेक डिस्ट्रो ते कुलूप उघडणारी लायब्ररी आजही सोबत देत नाहीत. डेबियनमध्ये त्यासाठीचे जे पॅकेज आहे ते केवळ सोर्स कोड मागवते आणि तुमच्याच संगणकावर त्याची प्रत तयार करते, जेणेकरून तयार प्रत वाटल्याचा ठपका कोणावर येऊ नये.

इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या सेवांनी हेच कुलूप नव्या रूपात आणले आहे. फायरफॉक्समध्ये असा चित्रपट लावला की डीआरएम, म्हणजे हे डिजिटल कुलूप हाताळणारी सोय, सुरू करायचे का अशी पट्टी वर दिसते. होकार दिला की गूगलचे वाइडवाइन हे बंदिस्त मॉड्यूल उतरते आणि चित्र सुरू होते. पण लिनक्सच्या डेस्कटॉपवर अनेक सेवा उच्च दर्जाचे चित्र देत नाहीत, कमी दर्जाच्या चित्रावर बोळवण करतात. येथे मात्र कोणतेही पॅकेज बसवून इलाज होत नाही, कारण निर्णय सर्व्हरच्या टोकाला झालेला असतो. लिनक्सवर येणाऱ्याला ही मर्यादा आधीच सांगायला हवी. ती लपवून लिनक्सचा प्रचार करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आवाजाची जुनी तक्रार आता जवळजवळ इतिहासजमा झाली आहे. एके काळी एका प्रोग्रामने साउंडकार्ड ताब्यात घेतले की दुसरा मुका होई. पुढे पल्सऑडिओ या आवाजाच्या व्यवस्थेने ते सोडवले, पण स्वतःच्या काही खोड्याही आणल्या. २०२१ पासून फेडोरात आणि २०२२ पासून उबुंटूत पाइपवायर ही नवी व्यवस्था आली आणि ब्लूटूथ हेडफोनसारख्या गोष्टीही सुरळीत चालू लागल्या. आजही आवाज आला नाही तर कोडेकच्या मागे लागण्यापूर्वी सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून मॉनिटरची एचडीएमआय वाट तर निवडली गेली नाही ना, एवढे पाहावे.

या पत्रामागची माझी खरी विनंती मात्र गाणी ऐकणाऱ्यांना नसून ती प्रसिद्ध करणाऱ्यांना आहे. मुक्त फॉरमॅट आज पुरेसे आहेत आणि दर्जात कोठेही कमी नाहीत. आवाजासाठी ओपस आहे; २०१२ मध्ये ते इंटरनेटचे मानक झाले. व्हॉट्सॲपवर दररोज पाठवले जाणारे व्हॉइस मेसेज ओपसमध्येच असतात, त्यामुळे ते आपल्याला परके राहिलेले नाही. मूळ ध्वनिमुद्रण कणभरही न गमावता जपण्यासाठी फ्लॅक आहे. त्याचेही मानक २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रासाठी व्हीपी९ आणि एव्ही१ आहेत. एव्ही१ ज्या संघटनेने २०१८ मध्ये आणले, तिच्या संस्थापकांत गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, इंटेल आणि सिस्को आहेत. एका परवाना कंपनीने याही फॉरमॅटवर पेटंटांचा दावा सांगितलेला आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण ज्यांनी तो घडवला त्यांनी आपली पेटंटे कोणतीही रॉयल्टी न घेता वापरू दिली आहेत आणि एच.२६५च्या गुंत्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. व्हीएलसीच्याच मंडळींनी त्यासाठी डेव्हिड नावाचा वेगवान डीकोडर (चित्र उलगडणारा प्रोग्राम) लिहिला असून तो अनेक मोठ्या ब्राउझरमध्ये वापरला जातो. अभिलेखागारांसाठी चित्र न गमावता साठवणारे एफएफव्ही१ आणि ते ठेवण्याचा डबा असलेले मात्रोस्का (एमकेव्ही) या जोडीचाही मार्ग आहे, आणि त्या दोहोंचेही दस्तऐवज सर्वांना खुले आहेत.

म्हणून व्याख्याने, मुलाखती, शैक्षणिक चित्रफिती किंवा जुनी ध्वनिमुद्रणे लोकांसाठी उपलब्ध करून देणाऱ्या संस्थांनी एमपी४च्या जोडीला वेबएम (व्हीपी९ किंवा एव्ही१ चित्र ठेवणारा मुक्त फाइल-प्रकार) प्रतही ठेवावी, आणि शक्य तेथे मूळ ध्वनिमुद्रणाची फ्लॅक प्रत उतरवून घेऊ द्यावी. जुन्या एमपी३ फाइल ओपसमध्ये बदलत बसू नये. एकदा गमावलेला आवाज त्यामुळे परत येत नाही, उलट आणखी थोडा जातो, आणि एमपी३ आता सर्वांसाठी मोकळी आहेच. नवे काम मुक्त फॉरमॅटमध्ये सुरू केले तरी पुष्कळ झाले. वेबपेजवर एकाच व्हिडिओसाठी एकाहून अधिक प्रती ओळीने नोंदवता येतात आणि ब्राउझर त्यांतली आपल्याला चालणारी पहिली प्रत आपोआप निवडतो, त्यामुळे वाचक-प्रेक्षकाला काहीच करावे लागत नाही. आपल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर ध्वनिफिती आणि चित्रफिती ठेवताना हा दुसरा पर्याय देण्याचा विचार व्हावा, आणि यापुढे लिनक्सवर व्हिडिओ चालत नाहीत असे छापण्यापूर्वी त्या फाइलमध्ये कोणते कोडेक होते तेही लेखकाला विचारले जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक